आक्कांची सीट आणि मामांची झोप

समस्त वाहनमालक, चालक, क्लीनर आणि गाडीत मागे बसून नुसत्याच सूचना करणारे पाहुणे, यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, शिरूर तालुक्यातल्या पहिल्या गरम होणाऱ्या सीटचा आजार कारेगावात एका माणसाने घोरून शोधून काढला. होय, घोरून. मी त्या वेळी शेजारीच बसलो होतो. माझा डावा कान आजही साक्ष द्यायला तयार आहे.

त्या माणसाला आम्ही सगळे मामा म्हणायचो. मामा नेमके कुणाचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीतली पोरं मामा म्हणायची, बिहारकडचे कामगार मामाजी म्हणायचे, आणि मामांचे सख्खे मामा एकदा गावाहून आले, तर तेही बाहेर उभं राहून विचारत होते, "मामा हाय का घरात?"

माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि त्यांचं दुकान यांच्या मध्ये फक्त एक पत्रा. त्यांच्या पाटीवर लिहिलेलं होतं, ‘कुशन वर्क्स आणि वायरिंग’. सीट शिवणारे वेगळे असतात आणि वायरमन वेगळे असतात, पण मामा दोन्ही होते. एका कानावर शिंप्याचा खडू, दुसऱ्या कानावर टेस्टर. त्यांचे वडील मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठाने फिरले, त्यामुळे लोकर, सुई आणि बसणं-उठणं यांचं ज्ञान आपल्याकडे रक्तातून आलंय, असं ते सांगत. वायरिंगचं ज्ञान कुठून आलं, ते मात्र सांगत नसत.

आता मामांची खासियत ऐका. गाडीचं दुखणं कुठलंही असो. मालक उतरून सांगायला लागला की मामा हात वर करून त्याला थांबवायचे. मग दार उघडून, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा हाताचा पालथा पंजा सीटवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचे,

"आधी मला सांगा, हितं बसतं कोन?"

हेडलाइट लागत नाहीत? हितं बसतं कोन? बॅटरी उतरते? हितं बसतं कोन? मालक वैतागायचे. एकदा एक टेम्पो आला. वळणावर त्याचा हॉर्न आपोआप वाजायचा. दोन गॅरेजमध्ये हॉर्न बदलून झाला होता, माझ्याकडूनही एक गेला होता. मामांनी सीटवर पंजा ठेवला, प्रश्न विचारला. बसत होता ड्रायव्हरचा मेव्हणा, नुकताच गावाहून आलेला, अंगाने दणकट. मामांनी त्याला बसवून एक फेरी मारली आणि परत येऊन निकाल दिला, "हॉर्न चांगला हाय. मेव्हणा भितोय." वळण आलं की मेव्हणा घाबरून गुडघे वर घ्यायचा आणि डॅशबोर्डखाली लोंबणारी वायर दाबली जायची. मामांनी वायर वर बांधली आणि मेव्हण्याला चहा पाजला.

कंपनीच्या एका बसमध्ये एकच सीट एकाच जागी फाटायची. तिथे एक फिटर बसायचा आणि त्याच्या मागच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर असायचा. दुसरा कुणी असता तर फिटरला चार शब्द सुनावून ठिगळ लावलं असतं. मामांनी ठिगळाऐवजी सीटच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरसाठी छोटा खिसा शिवून दिला. वर म्हणाले, "माणूस काय बदलत न्हाई. रेक्झिन बदलतं."

मामा कधी चुकले नाहीत असं मुळीच समजू नका. एकदा आपली कात्री त्यांनी एका जीपच्या सीटमध्ये शिवून टाकली आणि आठवडाभर माझ्यावर संशय घेत राहिले. शेवटी जीपवाल्यानेच कात्री शोधून काढली. कशी, ते विचारू नका. तो बरेच दिवस उभ्यानेच जेवत होता.

तर, सीट.

केंदूरचे आप्पा कंपन्यांना कामगारांसाठी बस पुरवायचे. रांजणगावच्या एका कारखान्यातला परदेशी साहेब मायदेशी परत गेला, तेव्हा त्याची गाडी आप्पांनी घेतली. गाडीत काय काय होतं ते आप्पांना सहा महिने कळलं नाही. पुढच्या दोन सीटांमध्ये प्रत्येक सीटचं एक बटण होतं आणि त्यावर खुर्चीचं चित्र होतं. खुर्चीतून तीन वेड्यावाकड्या रेघा वर निघालेल्या. आप्पांना ते तीन नाग वाटले, म्हणून त्यांनी बटणाला हात लावला नव्हता. एप्रिलच्या एका दुपारी बाटली ठेवताना त्यांच्या बाजूचं बटण त्यांच्या हातून दाबलं गेलं. शिक्रापूर येईपर्यंत आप्पांना बैठकीत अशी काही आग जाणवायला लागली की ते गाडी थेट डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, पथ्य सांगितलं, मलम दिलं. आप्पा परत गाडीत येऊन बसले आणि ओरडत बाहेर आले. तिथून ते मामांकडे.

मामांनी पालथा पंजा ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"आप्पा," ते म्हणाले, "ही सीट न्हाई. ही इजंवरची घोंगडी हाय."

थंड मुलखात गाडीच्या सीटखाली गरम होणारी तार घालतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. एप्रिल महिन्यात, कारेगावात. मामांनी बटण बंद केलं, आप्पांनी मलम खिडकीतून फेकलं, आणि ती गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण हिवाळा आला आणि गोष्टीत आक्का आल्या.

आक्का म्हणजे आप्पांच्या कारभारीण. जन्मभर शेतात वाकून त्यांची कंबर गेली होती. दौंडला त्यांची धाकटी बहीण होती, सख्खी आणि एकुलती एक. पण केंदूर ते दौंड एसटीचा प्रवास त्यांना सोसायचा नाही. एकदा तर चौफुल्याला त्यांना उचलून उतरवावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांनी जाणंच सोडलं. रबराची गरम पाण्याची पिशवी घेऊन बघितली, ती वाटेतल्या न्हावऱ्यालाच गार पडायची. आप्पांच्या नव्या गाडीत बसायला त्या तयार नव्हत्या, कारण त्या सीटने आप्पांचं काय केलं होतं ते गावाला माहीत होतं.

मग एका थंडीच्या सकाळी आप्पांनी त्यांना जवळजवळ दमदाटी करून डाव्या बाजूला बसवलं आणि हळूच तिकडचं बटण दाबलं. दौंडला पोचल्यावर आक्का आपल्या आपण उतरल्या. बहिणीच्या दारात उभ्या राहिल्या, कुणाचाही हात न धरता. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात आक्का दर पंधरवड्याला दौंडला जायच्या. आप्पा म्हणायचे, "आता गाडी माझी ऱ्हायली न्हाई. म्या नुसता ड्रायव्हर."

आणि तिसऱ्या हिवाळ्यात, ऐन मार्गशीर्षात सीट गार पडली.

नुसती गार पडली असती तर एवढं काही नव्हतं. पण बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ही मुलगी लहानपणी चार-पाच वर्षं केंदूरला आक्कांजवळच वाढलेली. तिने निरोप पाठवला होता, "मावशी मंडपात दिसल्याशिवाय मी माळ उचलायची नाही." पुण्याला विचारलं, तर पार्ट बाहेरून मागवावा लागेल, दोन-तीन महिने लागतील म्हणाले. लग्न पंधरा दिवसांवर. आप्पा गाडी घेऊन मामांकडे आले, सोबत आक्का.

मामांनी फ्यूज बघितला. चांगला. माझ्याकडून नवा रिले नेऊन लावला. फरक नाही. बटण उघडून साफ केलं. सीटखालचा प्लग काढून मीटर लावला, वीज येत होती. सीटची तार मोजली, ती अखंड दाखवत होती. शेवटी मामा स्वतः सीटवर बसले आणि दोन मिनिटांत खुशीत म्हणाले, "तापली की!"

आक्का बसल्या. तापली. आप्पा बसले, तापली. मी बसलो, मलाही सोडलं नाही. सगळे हसत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पा परत हजर.

"मामा, अर्ध्या वाटंत गार पडली."

पुन्हा आक्का बसल्या. पुन्हा तापली. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी आप्पा भडकले. "तुमच्या दारात आली की शाणी, घराकडं गेली की येडी! ही गाडी हाय का माझा पुतण्या?"

"तुमी एक करा," आप्पाच पुढे म्हणाले, "माझ्या सीटंतली तार काढा आन् हिच्या सीटंत घाला. माझं काय, मला कशाला पायजे गरम."

"घालीन," मामा म्हणाले. "पन तीबी महिन्यात मरंल. आधी मारतंय कोन, ते घावू द्या."

आक्का इतका वेळ पदराचं टोक चाळवत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मारतंय कोन? मलाच नगं म्हनती ती गाडी. ऱ्हाऊ द्या, मामा. पोरीला सांगा, मावशीनं घरनंच अक्षता टाकल्या."

मामांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. माणूस नाटकी होता, पण तेव्हा नाटक नव्हतं. ते म्हणाले, "आक्का, माळ तिथं उचलली जाईल आन् तुमी म्होरं उभ्या असाल. न्हाई तर ही पाटी उतरून भट्टीत घालीन."

मग ते वाकले आणि गाडीतली पायपुसणी बघायला लागले. आप्पांच्या पायाखालची काळ्या मातीने लडबडलेली. आक्कांच्या पायाखालची बघितली. कोरी. दोन वर्षं वापरलेली गाडी आणि पायपुसणी दुकानातून आजच आणल्यासारखी. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिटला. मला काहीही कळलं नाही, पण मीही एक डोळा मिटला. शेजारधर्म असतो.

"चला, चक्कर मारू," मामा म्हणाले. "न्हावऱ्याच्या बाजूला. तुमीबी चला," हे मला.

आप्पा गाडी चालवायला, शेजारी आक्का, मागे आम्ही दोघं. दोन परके पुरुष मागे बसलेले, त्यामुळे आक्का डोक्यावर पदर घेऊन, पाय खाली सोडून, शाळेतल्या फोटोला बसल्यासारख्या ताठ. सीट मस्त तापलेली. मामा थोडा वेळ खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत होते. मग त्यांनी मान टाकली आणि घोरायला लागले.

घोरणं कसलं, रसवंतीचा चरक! मला वाटलं, माणूस खरंच झोपला. एवढ्या गंभीर कामावर झोपला! मी त्यांना ढोसलं, तर त्यांनी माझ्या पायावर असा पाय दिला की मीही मुकाट डोळे मिटून घेतले. एक मिटला होता, आता दुसराही.

पापण्यांच्या फटीतून मला पुढचं दिसत होतं. आक्कांनी हळूच वळून पाहिलं. मागे दोन्ही सद्गृहस्थ गाढ. आक्कांनी पायातल्या चपला सोडल्या. एक पाय वर घेतला. मग दुसरा. छान मांडी घातली, कंबर सरळ केली आणि सुटकेचा असा श्वास सोडला की माझीच पाठ मोकळी झाली.

गाडी थोडी पुढे गेली असेल. आक्का पुटपुटल्या, "बघा, पडली का न्हाई गार?"

"हलू नगा!" मामा ओरडले.

आप्पांनी घाबरून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या बैलगाडीपासून हातभर अंतरावर थांबली. बैलांनी आमच्याकडे पाहिलं. मामा तोवर उडी मारून आक्कांच्या दाराशी पोचले होते.

"चोर घावला! आप्पा, चोर घावला!"

"कोन?"

"आक्काची टाच!"

आक्का लाजून अर्ध्या झाल्या आणि पाय खाली सोडायला लागल्या. मामा पुन्हा ओरडले, "पाय खाली घेऊ नगा! हाय तशाच बसा!" कानावरचा खडू काढून त्यांनी आक्कांच्या टाचेभोवती सीटवर रेघ ओढली. गुडघ्यापाशी दुसरी. बैलगाडीवाला खाली उतरून बघायला आला. "काय चाललंय?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, "माप घेतायत."

आता आप्पांची पाळी होती. "किती बारी सांगितलं तुला, गाडीत मांडी घालू नगं म्हनून! पाय खाली सोडून बसाया काय होतंय?"

"पाय लोंबाकळलं की कंबर तुटती," आक्का म्हणाल्या. "मांडी घालूनच बसत आली म्या जन्मभर. आता ह्या वयात साहेबासारकं कसं बसू?"

"आप्पा, तुमी गप ऱ्हावा," मामा म्हणाले. "म्या सीट दुरुस्त करायला घेतलीया. आक्का न्हाई."

दुकानात येऊन त्यांनी सीट बाहेर काढली, कव्हर उसवलं. आत दाबलेल्या लोकरीच्या पातळ नमद्यावर तार होती, शेवयांसारखी वळणं घेत टाचलेली. खडूच्या खुणेच्या बरोबर खाली एक वळण काळं पडलं होतं आणि आतून तुटलं होतं. दोन टोकं एकमेकांना चिकटून बसलेली. पाय खाली सोडून बसलं की टोकं जुळायची आणि सीट तापायची. मांडी घातली की टाच त्यांच्या बरोबर मध्ये रुतायची आणि दोघांची फारकत. मामांच्या दारात आक्का आल्या की परक्यांसमोर पाय खाली. घरच्या वाटेला लागल्या की मांडी. गाडी शहाणीही नव्हती आणि येडीही नव्हती.

मी म्हणालो, "मग पीळ मारा आणि टेप गुंडाळा."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या बैठकीला मलम लावायला निघालो होतो. "पीळ ढिला पडला की त्या जागी तार निखाऱ्यावानी तापंल. वर आक्का बसनार हाईत, भाकरी न्हाई." त्यांनी तांब्याची बारीक नळी चढवून टोकं दाबून जोडली, वर आवरण चढवलं. एवढ्यावर कुणीही काम संपवलं असतं. मामांनी मात्र सुई घेतली आणि खडूच्या खुणेतली सगळी वळणं एकेक टाका उसवून बाजूला सरकवली. नदीचा ओघ शेताला वळसा घालतो, तशी तार आक्कांच्या टाचेला वळसा घालून नेली. मोकळ्या झालेल्या जागेत वडिलांच्या जुन्या घोंगडीचा तुकडा घडी करून शिवला, टाचेला मऊ लागावा म्हणून. गुडघ्यापाशीही तेच. अख्ख्या जगात मांडीच्या मापाने शिवलेली दुसरी गरम सीट असेल, तर मला दाखवा.

तपासणीही तशीच झाली. मामांनी सीट दुकानासमोर फळीवर मांडली, बॅटरीला जोडली आणि स्वतः वर मांडी घालून बसले. टाच बरोबर खुणेवर. हातात चहा. पहिली पाळी सुटली होती आणि कंपन्यांच्या बसमधून कामगार उतरत होते. एक जण ओरडला, "क्या मामाजी, सिंहासन मिल गया?" मामांनी राजासारखा हात वर केला. दुसरा चहा झाला, तिसरा झाला. मामा उतरेनात. मी म्हणालो, "पास झाली की सीट, उठा आता." तर म्हणाले, "सीट कवाच पास झाली. म्याच उठू का नको त्या इचारात हाय."

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. दौंडच्या त्या कार्यालयाच्या दारात नवरी शालू नेसून रस्त्याकडे बघत उभी होती, आणि आतून भटजी हाका मारत होते. आप्पांची गाडी आली. दार उघडलं. आक्का मांडी मोडून, चपला सापडेनात म्हणून अनवाणीच उतरल्या आणि चालत, अगदी चालत, पोरीपाशी गेल्या. पोरीने मिठी मारली तेव्हा मुंडावळ्या आक्कांच्या अंबाड्यात अडकल्या. मामा नवी टोपी घालून माझ्या शेजारी उभे होते. डोळे टिपत म्हणाले, "ह्या मुंडावळ्यांची वायरिंग कोनी केली? लूज हाय."

त्यानंतर आक्का कारेगाववरून जाताना गाडी थांबवायला लावायच्याच. खिडकीतून विचारायच्या, "काय मामा, आज झोपला न्हाई व्हय?" मामा लगेच मान टाकून घोरायला लागायचे. आक्का म्हणायच्या, "मांडी घातली हो!" की मामा दचकून उभे राहायचे, "हलू नगा!" भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, दोन वयस्कर माणसं हा खेळ खेळायची. वर्षानुवर्षं तोच खेळ. आप्पा कपाळाला हात लावायचे आणि मी दर वेळी हसायचो.

मामा गेले ते थंडीतच. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं, छातीत कळ आली म्हणाले, बसले आणि संपले. मी पत्र्याच्या अलीकडेच होतो. बसले होते तेही एका कंपनीच्या बसच्या नव्याने शिवलेल्या सीटवर. पालथा पंजा सीटवरच होता.

केंदूरला फोन केला. आप्पांची गाडी आली तेव्हा मामांना दुकानासमोर, त्याच जागी ठेवलं होतं, जिथे ते सिंहासनावर बसले होते. माणसं खूप होती. पहिल्या पाळीची पोरं कामावर न जाता उभी होती. आक्का आता फार थकल्या होत्या, पण काठी आप्पांच्या हातात देऊन एकट्याच पुढे आल्या. मामांच्या उशाशी जमिनीवर टेकल्या. एक पाय आत घेतला, मग दुसरा. कंबर सरळ केली. मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग एवढ्या सगळ्या माणसांत, कुणाची भीडभाड न धरता, मोठ्याने म्हणाल्या,

"उठा की वो मामा! मांडी घातलीया म्या!"